काटा साठावर, गाडी पासष्टवर : कस्टम बुलेटला बाहेरचा मीटर बसवण्याआधी

शेजारचा पोरगा एका रविवारी सकाळी खोकं घेऊन आला. आत तळहाताएवढा क्रोमचा वाटोळा मीटर, त्याच्या मागून निघालेल्या अकरा वायरी आणि भिंगाशिवाय वाचता येणार नाही असा एक कागद. त्याच्याकडे २०१३ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे. मडगार्ड कापलं, हँडल बदललं, पुढे १९ ऐवजी २१ इंची चाक घातलं. "काका, एवढ्या वायरी तेवढ्या जोडून द्या, बाकी सगळं झालंय."

वायरी जोडायला एक दुपार पुरते. पण त्या मीटरला गाडीबद्दल काय माहीत आहे, हे कुणी विचारलेलंच नसतं. चाक केवढं, इंजिन एका फेरीत किती ठिणग्या टाकतं, दिव्याची वायर बॅटरीवरून येते की थेट मॅग्नेटोवरून (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागावरून), यातलं काहीही त्या खोक्यात लिहिलेलं नव्हतं. ते आपण सांगायचं असतं. न सांगता बसवलेला मीटर दिसतो झकास आणि बोलतो खोटं.

मीटर वेग मोजतच नाही

जुन्या केबलवाल्या मीटरपासून सुरुवात करू, कारण त्यात सगळं डोळ्यांना दिसतं. पुढच्या चाकाच्या आसाजवळ एक छोटी गरारी असते. चाक फिरलं की ती फिरते, तिच्यात अडकलेली केबल फिरते आणि केबलच्या वरच्या टोकाला, मीटरच्या पोटात, एक लोहचुंबक गरगरतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक वाटीला शिवत नाही, पण फिरताना तिच्यात वीज खेळवतं आणि वाटीला आपल्यामागे ओढतं. बादलीतलं पाणी हाताने गरगर फिरवलं की वर तरंगणारी वाटी हात न लागताही फिरू लागते, काहीसं तसंच. फरक एवढाच की मीटरमधल्या वाटीला बारीक स्प्रिंगने मागे धरलेलं असतं. जेवढ्या जोरात चुंबक फिरेल तेवढी स्प्रिंग ताणली जाते आणि वाटीला जोडलेला काटा तेवढा पुढे सरकतो. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. केबलवाल्या मीटरांचं मूळ तत्त्व आजही तेच आहे.

म्हणजे मीटर मोजतो ते केबलचं फिरणं. त्याला रस्ता दिसत नाही. 'केबल इतक्या वेगाने फिरली म्हणजे गाडी ६० वर' असं कारखान्यात कुणीतरी डायलवर छापून ठेवलेलं असतं, आणि ते एका ठरावीक चाकापुरतं खरं असतं.

चाक बदललं म्हणजे माप बदललं

आमच्या आजीकडे धान्य पायलीने मोजायचे. मोजणारा फक्त 'एक, दोन, तीन' म्हणतो. कुणी रात्रीतून पायली थोडी मोठी केली, तर तो तेच आकडे म्हणेल आणि पोत्यात धान्य मात्र जास्त जाईल. गाडीचं चाक ही पायली आहे.

आकडे मांडू. ९०/९०-१९ या टायरमध्ये पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिमचा व्यास इंचांत. रिम ४८२.६ मिमी, वर-खाली मिळून टायर १६२ मिमी, एकूण व्यास ६४४.६. परीघ निघतो सुमारे २,०२५ मिमी. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी दोन मीटर आणि अडीच सेंटिमीटर पुढे जाते. आता ९०/९०-२१ घातलं तर परीघ होतो जवळपास २,१८५ मिमी. दर फेरीला १६ सेंटिमीटर जास्त, म्हणजे आठ टक्के. गरारी तीच, केबल तीच, मीटर तोच ठेवला तर काटा ६० दाखवत असताना गाडी जवळजवळ ६५ ने पळत असते.

उलटंही होतं. कॅफे रेसरच्या, म्हणजे जुन्या रेसिंग गाडीच्या धाटणीच्या, नादात पुढे १२०/७०-१७ घातलं तर परीघ १,८८४ मिमीवर येतो आणि काटा ६० म्हणतो तेव्हा गाडी ५६ च्या आसपास असते. यात धोका नाही, फक्त मित्रांत बढाया वाढतात. पहिला प्रकार वाईट. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, हा मीटरच्या मानकांमागचा मूळ विचार आहे. म्हणूनच शोरूममधून निघालेल्या गाडीचा मीटर बहुधा दोन-चार किलोमीटर जास्तच दाखवतो.

चूक वेगापुरती राहत नाही. त्याच केबलवर एकूण किलोमीटर मोजले जातात. २१ इंची चाकावर १०,००० दिसले म्हणजे गाडी खरी १०,७९० चाललेली. लिटरला ३५ देणारी गाडी हिशेबात ३२ च देताना दिसते, आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरला शिव्या बसतात. असे उघडून साफ केलेले कार्ब्युरेटर मी पाहिले आहेत, ज्यांचा गुन्हा काहीच नव्हता.

डायलच्या तळाशी असलेला बारीक आकडा

केबलवाला मीटर विकत घेताना लोक चेहरा बघतात. बघायचं असतं ते गुणोत्तर, म्हणजे एका किलोमीटरला केबलच्या किती फेऱ्या अपेक्षित आहेत तो आकडा. जपानी धाटणीच्या बऱ्याच मीटरांना १,४०० फेऱ्या लागतात. तुमच्या चाकाची गरारी किलोमीटरला हजारच फेऱ्या देत असेल, तर ६० च्या वेगाला तो मीटर ४३ दाखवेल. मीटर चांगला, गरारी चांगली, जोडी चुकीची.

घरी तपासायला सोपं आहे. केबलचं वरचं टोक मीटरमधून सोडवा, आतल्या तारेला कागदाचा छोटा झेंडा चिकटवा. पुढचं चाक उचलून हाताने बरोबर दहा फेऱ्या द्या आणि झेंडा किती वेळा फिरला ते मोजा. समजा २८ वेळा. म्हणजे चाकाच्या एका फेरीला केबलच्या २.८. दोन मीटर अडीच सेंटिमीटरचं चाक किलोमीटरला सुमारे ४९४ वेळा फिरतं, ४९४ गुणिले २.८ म्हणजे १,३८३. हा १,४०० वाल्या मीटरला चालून जातो. दुकानात जाण्याआधी हा आकडा खिशात असू द्या. पुण्यात नाना पेठेत काउंटरवर उभं राहून 'बुलेटचा मीटर द्या' म्हणणाऱ्याला जे मिळतं ते आणि 'तेराशे ऐंशीच्या आसपासचा द्या' म्हणणाऱ्याला जे मिळतं ते, यात फरक पडतो. निदान दुकानदार मान वर करून बघतो तरी.

डिजिटल मीटरमध्ये हा प्रश्न सोपा होतो. चाकावर छोटं चुंबक, फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, सेन्सर. चुंबक समोरून गेलं की एक टिचकी. मीटर टिचक्या मोजतो आणि तुम्ही भरलेल्या परिघाने गुणतो. परीघ मात्र तुम्हालाच भरायचा आहे, आणि तो गणिताने काढण्यापेक्षा रस्त्यावर मोजलेला बरा, कारण माणूस बसला की टायर थोडा दबतो. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडीवर बसून कुणालातरी ती सरळ ढकलायला लावा, खूण पुन्हा जमिनीला टेकली की दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. तो खरा परीघ.

सेन्सर आणि चुंबकातली फट कागदावर लिहिलेली असेल तेवढीच ठेवा. बहुतेकदा ती काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढी निघते. एकच चुंबक असेल तर ट्रॅफिकमध्ये आकडा अडखळतो, कारण १० च्या वेगाला सेकंदाला जेमतेम सव्वा टिचकी येते. समान अंतरावर दोन-चार चुंबकं लावा आणि मीटरला तसं सांगा.

आरपीएमचा काटा दुप्पट का दाखवतो

आरपीएम म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या. तो मीटर फेऱ्या बघत नाही, ठिणग्या मोजतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनाला दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते. जात्याच्या दोन फेऱ्यांना एक मूठ दाणे टाकावेत तसं. जुन्या पॉइंटवाल्या बुलेटमध्ये तसंच होतं, कारण पॉइंट निम्म्या वेगाने फिरणाऱ्या भागावर बसवलेले असतात. पुढच्या पुष्कळ इंजिनांत मात्र ठिणगीचा इशारा थेट क्रँकवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या, फ्लायव्हीलवरून येतो आणि ठिणगी दर फेरीला पडते. त्यातली एक कामाची, एक वाया. वाया गेलेली ठिणगी इंजिनाला त्रास देत नाही, पण मीटर तीही मोजतो. आरएक्स १०० सारख्या दोन स्ट्रोकच्या गाडीत दर फेरीला एक ठिणगी, आणि ती कामाचीच.

म्हणून मीटरच्या मेनूमध्ये 'एका फेरीला किती ठिणग्या' असा पर्याय असतो, कधी १, कधी अर्धा. आयडलिंगला इंजिन शांतपणे डुगडुगतंय आणि काटा दोन हजारांच्या पुढे, असं दिसलं तर इंजिन तपासू नका, हा आकडा बदला.

ही वायर जोडायची कुठे, यात मीटर जळतात. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या इग्निशन कॉइलच्या प्राथमिक बाजूला ठिणगीच्या क्षणी काही शे व्होल्टचा झटका येतो. स्वस्त मीटरच्या आत तो सोसणारं काही नसेल तर पहिल्याच किकला पडदा काळा. सौम्य उपाय म्हणजे मीटरची वायर स्पार्क प्लगच्या जाड वायरीभोवती चार-पाच वेढे देऊन टेपने बांधणे. कुठे कापायचं नाही, कुठे डाग द्यायचा नाही. वेढे कमी-जास्त करून काटा स्थिर होईपर्यंत खेळा. मात्र कागदावर मीटर असा वेढ्यांवर चालतो असं लिहिलेलं हवं.

वायर तीच, वीज वेगळी

आता माझी स्वतःची फजिती. मित्राच्या आरएक्स १०० ला वाटोळा एलईडी मीटर बसवायचा होता. हेडलाइटची वायर मीटरशेजारूनच जात होती, म्हटलं मीटरच्या आतल्या दिव्याची वायर तिथेच जोडू, हेडलाइटबरोबर तोही लागेल. लागला. आयडलिंगला तो दिवा लुकलुकत होता, ॲक्सिलरेटर दिला की झगमगत होता, आणि तिसऱ्या दिवशी मेला.

कारण आरएक्सचा हेडलाइट बॅटरीवर नाही, मॅग्नेटोतून येणाऱ्या एसी विजेवर चालतो. घरातल्या विजेसारखी ती दिशा बदलत राहते आणि इंजिनाच्या वेगाबरोबर वर-खाली होते. काचेच्या बल्बला त्याचं सोयरसुतक नसतं. इलेक्ट्रॉनिक मीटरला असतं. तेव्हा जुन्या गाडीत कुठलीही वायर धरण्याआधी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र, लावा. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत साधा मल्टिमीटर सहज मिळतो आणि त्याची किंमत जळणाऱ्या मीटरपेक्षा कमी असते. डीसीवर (बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या विजेवर) १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर ठीक. ॲक्सिलरेटर दिल्यावर आकडा १५ च्या वर पळत असेल तर आरआर युनिट, म्हणजे बॅटरीला जाणारी वीज आवरणारा डबा, आजारी आहे. आधी तो बदला, मग मीटर.

मीटरला सहसा दोन लाइव्ह वायरी लागतात. एक चावी ऑन केल्यावर चालू होणारी, दुसरी कायम बॅटरीवर, घड्याळ आणि किलोमीटरची आठवण टिकवण्यासाठी. ही दुसरी गाडी उभी असतानाही वीज पिते. १० मिलिअँपिअर खाणारा मीटर ९ अँपिअर-तासांची बॅटरी ९०० तासांत, म्हणजे साधारण ३७ दिवसांत, पार रिकामी करेल. पावसाळाभर गाडी झाकून ठेवणाऱ्यांनी बॅटरीची वायर काढून ठेवावी. आणि दोन्ही वायरींना अँपिअर-दोन अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या जवळ.

अर्थिंगचं एकच सांगतो. कस्टम गाडीची फ्रेम नुकतीच पावडर कोटिंग करून आलेली असते, आणि पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. बोल्टखालचा रंग खरवडल्याशिवाय अर्थिंग मिळत नाही. निम्मे 'खराब मीटर' इथेच बरे होतात.

इंडिकेटर दिला की चारही का लुकलुकतात

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. जुन्या गाडीच्या मीटरमध्ये इंडिकेटरचा एकच छोटा दिवा असतो. त्याचं एक टोक डाव्या वायरीला, दुसरं उजव्या. डावा इंडिकेटर दिला की वीज त्या छोट्या दिव्यातून पलीकडे जाते आणि उजवीकडच्या बल्बांमधून जमिनीत उतरते. उजवीकडचे जुने बल्ब एवढ्याशा विजेने पेटत नाहीत, म्हणून कुणाला कळत नाही. तुम्ही चारही इंडिकेटर एलईडीचे केले की तीच चोरटी वीज त्यांना पेटायला पुरते. चारही चमकतात आणि मागच्याला तुम्ही कुठे वळणार ते कळत नाही.

उपाय दोन डायोडचा. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. डाव्या आणि उजव्या वायरीवरून एकेक डायोड आणून त्यांची तोंडं एकत्र करा, तिथून मीटरच्या दिव्याला द्या आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थिंगला. आत येता येतं, पलीकडे जाता येत नाही. नव्या मीटरला डाव्या-उजव्यासाठी वेगळ्या वायरी असतील तर हा खटाटोप लागतच नाही.

न्यूट्रलच्या दिव्याचंही गौडबंगाल असंच. गिअरबॉक्समधून येणारी वायर वीज देत नाही, ती न्यूट्रलमध्ये अर्थिंगला टेकते. दिव्याला वीज दुसरीकडून मिळते, ही वायर फक्त वाट मोकळी करते. हाय बीमची वायर मात्र खरोखर वीज आणते. मीटरची न्यूट्रलची वायर 'प्लस' मागणारी असेल तर मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारं छोटं स्विच, लागेल. वायरींच्या रंगांवर विसंबू नका. खोक्यातल्या मीटरचा हिरवा आणि तुमच्या गाडीचा हिरवा यांचं एकमेकांशी नातं नसतं.

पेट्रोलच्या काट्याबद्दल दोन ओळी. टाकीतला फ्लोट वर-खाली होताना रोध बदलतो, तो ओहममध्ये मोजतात. रिकाम्यापासून भरलेल्यापर्यंत अमेरिकी पद्धतीचे गेज २४० ते ३३ ओहमवर चालतात, युरोपी बरेचसे १० ते १८० वर. म्हणजे एकाची रिकामी टाकी दुसऱ्याला भरलेली वाटते. फ्लोट आणि गेज एकाच जोडीचे घ्या, किंवा गेजचा नाद सोडून झाकण उघडून बघा.

पाऊस, हादरे आणि हँडल

मीटरच्या काचेआत धुकं धरणं ही कोकणातल्या प्रत्येक कस्टम गाडीची कहाणी आहे. लोक घाबरून मागची सगळी छिद्रं सिलिकॉनने बुजवतात. त्यातलं एखादं छिद्र श्वासासाठी असतं. ते बुजवलं की आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही. छिद्र खाली तोंड करून राहील असा मीटर बसवा आणि वायरी मीटरपर्यंत येण्याआधी एकदा खाली झोळीसारख्या वळवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळीच्या तळाशी गळून पडतं.

बुलेटच्या हादऱ्यांनी सोल्डरिंगचा कडक सांधा कडेला तुटतो. क्रिंप केलेला, म्हणजे पक्कडीने दाबून बसवलेला, कपलर, वर स्लिव्ह, आणि मीटरखाली रबर. केबलवाला मीटर असेल तर केबलला कुठेही कोपर करू नका, काटा थरथरतो तो बहुधा तिथेच.

आणि सगळं झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. शेजारच्या पोराच्या गाडीत आम्ही हे विसरलो. रस्त्यावर सगळं उत्तम, पार्किंगमध्ये हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की फ्यूज उडायचा. वायर फोर्कच्या मानेत चिमटत होती. सापडायला दोन दिवस लागले.

"मग जीपीएसवालाच लावतो ना?"

लावा की. त्याला चाक, गरारी, चुंबक काहीच नको, आकाशातल्या उपग्रहांवरून तो वेग काढतो आणि स्थिर वेगाला तो फार अचूक असतो. पण ब्रेक मारला की आकडा जरा उशिरा उतरतो, सुरू झाल्यावर उपग्रह सापडेपर्यंत थांबावं लागतं, आणि साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीच्या बोगद्यात तो आंधळा होतो. मोबाइल हँडलला बांधणं हा मीटरचा पर्याय मी मानत नाही. मोटरसायकलच्या हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचं काम बिघडू शकतं, असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं.

जीपीएसचा खरा उपयोग तपासणीला. तेही नको असेल तर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आहेत. मोकळ्या रस्त्यावर काटा ६० वर स्थिर धरा, मागे बसलेल्याला दोन दगडांमधला वेळ घ्यायला सांगा. ६० सेकंद लागले तर मीटर खरा. ५५-५६ लागले तर तुम्ही ६५ ने चालला आहात.

नव्या गाडीचा मीटर काढू का?

माझं मत, नको. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे आणि एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचं मानक. बऱ्याच नव्या गाड्यांत मीटर, इंजिनाचा संगणक आणि एबीएस एकाच वायरीच्या जोडीवर बोलत असतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखं, प्रत्येक जण सगळ्यांसाठी टाकतो आणि ज्याला हवं ते तो उचलतो. मूळ मीटर काढला की ग्रुपमधला एक सभासद गायब. कुठे एबीएसच्या बिघाडाचा दिवा दिसेनासा होतो, कुठे गाडी सुरूच होत नाही. हवं तर मूळ मीटर ठेवून शेजारी तेलाच्या तापमानाचा किंवा व्होल्टेजचा छोटा गेज लावा. तो कुणाच्या अध्यातमध्यात येत नाही.

पोलीस पकडतील का?

आरसीवर मीटरचा उल्लेख नसतो, त्यामुळे 'आरसीशी जुळत नाही' असा थेट आक्षेप इंजिन किंवा रंग बदलल्यावर येतो तसा इथे येत नाही. पण कायद्याची दिशा कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल रोखतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. चालू स्थितीतला स्पीडोमीटर गाडीवर असणं नियमाने बंधनकारक आहे. तेव्हा 'स्वच्छ लूक' म्हणून मीटरच काढून टाकणारे आपणहून अडकतात. आणि गाडीचा विमा असेल तर बदल कंपनीला कळवलेला बरा.

किलोमीटर पुन्हा शून्यापासून

बाहेरचा मीटर बहुतेकदा शून्यापासून मोजू लागतो. काहींत जुना आकडा एकदा भरता येतो, भरता येत असेल तर भरा. नाहीतर बदलाच्या दिवशी जुन्या मीटरचा फोटो काढा, तारीख आणि आकडा सर्व्हिस बुकात लिहा. पुढे गाडी विकताना घेणारा विचारेल, आणि तेव्हा 'दहा वर्षांची गाडी, चार हजार किलोमीटर' हे ऐकायला चोरीसारखं वाटतं.

शेजारच्या पोराचा जुना मीटर आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्याच खोक्यात ठेवला आहे. खोक्यावर स्केचपेनने लिहिलंय : ४१,३०६, आणि खाली नव्या चाकाचा खडूने मोजलेला परीघ, २,१५८ मिमी.